नाचायला या, पण घरातलं एक मोठं माणूस घेऊन: वर्गाच्या तयारीच्या नोंदी

१२ मे २०२५

ठरलं एकदाचं. तीन ते पाच वर्षांची मुलं आणि प्रत्येकासोबत घरातलं एक मोठं माणूस, दोघांनी मिळून नाचायचा वर्ग, शनिवारी सकाळी. मी कथकवाली आणि मैत्रीण लहान मुलांची फिजिओ, त्यामुळे नाचाचं डोकं माझं आणि गुडघे-कोपरं-मानेची काळजी तिची अशी वाटणी आपोआप झालीये.

पुण्यात नाचाच्या क्लासची कमी नाही. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, तेव्हापासून इथे कथक म्हणजे घरातलीच गोष्ट झालीये. पण चांगल्या गुरू सहसा इतक्या लहान पोरांना घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, साडेतीन वर्षांच्या पोराकडून तत्कार (कथकमधलं पायांचं काम) घासून घ्यायचा म्हणजे त्याचाही छळ आणि तत्काराचाही. दुसरीकडे जिथे घेतात तिथे सिनेमाच्या गाण्यावर स्टेप बसवतात आणि आईबाप बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसतात. आम्हाला यातलं काहीच करायचं नाहीये. स्टेप शिकवायची नाही, हालचाल शोधायला लावायची, आणि आईबाप बाहेर नाही, आतच.

आधार म्हणून रुडॉल्फ लाबान या नर्तक आणि हालचालीच्या अभ्यासकाचं काम घेतोय (१८७९–१९५८). हा माणूस १९३८ मध्ये इंग्लंडला गेला आणि महायुद्धानंतर तिथल्या शाळांमध्ये त्याचे विचार बरेच रुजले. अगदी थोडक्यात सांगायचं तर हालचालीत चार गोष्टी बघायच्या: जागा, वेळ, जोर आणि ओघ. पोरांच्या भाषेत सरळ-वाकडं, हळू-पटकन, जड-हलकं, वाहतं-अडखळतं. एका वर्गाला यातली एकच जोडी, बास. सगळं एकाच दिवशी कोंबायचा मोह होणारे, आत्ताच लिहून ठेवते.

१४ मे

कॅलेंडर घेऊन बसलो आणि तिथेच अर्धा दिवस गेला. पहिला विचार होता जुलैमध्ये शाळा नीट मार्गी लागल्यावर सुरू करू, पण मग बघितलं तर ९ ऑगस्टचा शनिवार राखीपौर्णिमा, १६ ऑगस्टचा शनिवार दहीहंडी (आणि शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, म्हणजे निम्मं पुणं लोणावळ्याला नाहीतर कोकणात), २७ ला गणपती बसणार, ३० चा शनिवार गणपतीत आणि ६ सप्टेंबरचा शनिवार अनंत चतुर्दशी. म्हणजे ऑगस्टमध्ये सलग वर्ग घेणं विसरा. लहान मुलांना तीन आठवड्यांचा खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून रडारड.

मग उलटं मोजलं. राखीपौर्णिमेच्या आधी सहा शनिवार: २८ जून, ५, १२, १९, २६ जुलै आणि २ ऑगस्ट. हेच पक्कं. ट्रायल १४ जूनला. २१ जून मुद्दाम मोकळा ठेवलाय, त्या दिवशी पालख्या पुण्यात मुक्कामाला असणार आणि रस्त्यांचं काही खरं नसतं.

१९ मे

हॉल बघायची मोहीम. तीन जागा बघितल्या.

पहिली एका सोसायटीचं क्लबहाउस. दिसायला चकाचक, पण खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, त्याखाली थेट स्लॅब. मैत्रिणीने चप्पल काढून दोन उड्या मारल्या आणि नको म्हणून मान हलवली. शिवाय कमिटीचे सेक्रेटरी काका, "ढोलकी वगैरे नाही ना वाजवणार? दुपारी दोन ते चार शांतता असते." सकाळी दहाचा वर्ग आहे काका. "हो पण तरी." हे हो-पण-तरी आपल्याला सहा आठवडे ऐकायचं नाहीये.

दुसरा डान्स स्टुडिओ, लाकडी फ्लोअर, एक नंबर. पण भिंतभर आरसा. मोठ्यांना आरसा लागतो, तीन वर्षांचं पोर आरशासमोर उभं राहिलं की नुसतं जीभ काढून स्वतःला बघत बसतं, आणि आया तर पहिल्यांदा केस नीट करतात मग ओढणी मग पोट आत. भाडंही तासाला परवडण्यासारखं नाही.

तिसरी जागा एका बालवाडीचा वरचा हॉल, साधारण वीस बाय तीस फूट, मधे खांब नाही, खाली जुनी शहाबादी फरशी. म्हणजे सहाशे चौरस फूट, दहा जोड्या घेतल्या तर वीस माणसं, माणशी तीस चौरस फूट. धावायला पुरेसं आणि हरवायला अपुरं, असंच हवं होतं. फरशी कडक आहेच, पण बालवाडीत जाड फोमचे जोडायचे मॅट आहेत ते आम्हाला वापरायला देतायत, उड्यांचा भाग त्याच्यावर घेऊ. सतरंजी मात्र गुंडाळून ठेवायची, ती घसरते. मोजे पण नाहीत, सगळे अनवाणी, आईबाबांसकट. आणि संडास त्याच मजल्यावर आहे, कमोडला लहान मुलांची सीट आहे! ही गोष्ट कोणी प्लॅनमध्ये लिहीत नाही पण एका वर्गात दहापैकी चार पोरांना तरी शू येणार, आणि एकाला आली की सगळ्यांना येते.

जागा नक्की केली.

२३ मे

वर्गाचा सांगाडा. आधी तासाभराचा विचार होता, पण मैत्रीण म्हणाली पंचेचाळीस मिनिटांच्या वर नको, त्यानंतर जे होतं त्याला नाच म्हणत नाहीत.

सुरुवातीला गोल करून बसायचं, प्रत्येकाने नाव सांगायचं आणि नावासोबत एक हालचाल, बाकी सगळ्यांनी ती तशीच करायची. मग वॉर्मअप, तो सिअ‍ॅटलच्या ॲन ग्रीन गिल्बर्ट या नृत्यशिक्षिकेच्या ब्रेनडान्सवरून घेतलाय. बाळ पहिल्या वर्षात ज्या क्रमाने हलायला शिकतं त्यावरून त्यांनी आठ पायऱ्या लावल्यात: श्वास, स्पर्श, पोटापासून हातापायांच्या टोकापर्यंत पसरणं-आवळणं, डोकं आणि माकडहाड (पोरांसाठी शेपूट), वरचं अंग-खालचं अंग, डावी बाजू-उजवी बाजू, तिरकं म्हणजे उजवा हात डाव्या गुडघ्याला, आणि शेवटी गिरकी. आम्ही क्रम तोच ठेवतोय, कपडे मात्र आपले घालतोय. स्पर्शाच्या जागी तेल-उटणं. आई पोराला खोटं खोटं तेल लावणार, थापट्या, चोळणं, दाबणं, मग पोराने आईला लावायचं. दिवाळीच्या पहाटेचं सगळ्यांना माहिती असतं, शिकवावं लागत नाही. आवळणं-पसरणं म्हणजे कासव आणि चांदणी.

त्यानंतर त्या दिवसाची जोडी, म्हणजे हळू-पटकन किंवा जे असेल ते. मग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचे प्रकार. इथे मैत्रिणीने चाप लावला, कारण माझ्या यादीत लंगडी पहिल्याच आठवड्यात होती. तीन वर्षांची बहुतेक मुलं दोन्ही पायांनी उडी मारतात, एका पायावर दोन-चार उड्या साधारण चाराच्या आसपास जमायला लागतात, आणि पाय बदलत उड्या मारत जाणं तर पाच-सहाला. घोड्याची दौड, एक पाय सतत पुढे ठेवून, ती मधली पायरी. म्हणून आता चालणं, धावणं, बेडूक, घोडा एवढंच. लंगडी कोणी स्वतःहून घातली तर घालू दे.

मग वस्तू घेऊन नाच, मग स्टॅच्यू (गाणं थांबलं की थांबायचं, हा खेळ असा आहे की न सांगता सगळ्यांना येतो, आईबाबा तर लहानपणीचे हिशोब चुकते केल्यासारखे खेळतात), आणि शेवटी पडून राहायचं, आईच्या पोटावर डोकं ठेवून तिचा श्वास वरखाली होतो तो बघायचा. मग खाऊ.

खाऊची आयडिया भोंडल्यातून उचललीये. डबा वाजवून दाखवायचा आणि खिरापत ओळखायची. फुटाणे-शेंगदाणे नाहीत, एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात आणि शेंगदाण्याची ॲलर्जीही असते कोणाला. चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. केळं डब्यात वाजत नाही म्हणून ते ओळखायला सगळ्यात अवघड, त्या दिवशी मजा येईल.

२७ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलंय, काल तर मान्सून अधिकृतपणे मुंबई-पुण्यात आला म्हणे. भर पावसात तुळशीबाग. कामं होती ती उरकली.

ओढण्यांचा प्रयोग घरीच केला. स्टुलावर उभी राहून वेगवेगळी कापडं खाली सोडली. सुती ओढणी सरळ खाली, धप्. सिल्कसारखं दिसणारं जे काय असतं ते घसरत तिरकं जातं आणि पायाखाली आलं की घसरवतं, बाद. शिफॉन मात्र फुगतं, मधे थांबल्यासारखं वाटतं, मग गिरकी घेत खाली येतं, आणि तेवढ्या वेळात तीन वर्षांच्या पोराला धावत येऊन पकडता येतं. एवढाच निकष. जुन्या शिफॉन साड्या गोळा केल्या, आई, सासूबाई, शेजारच्या काकू. एका साडीचे मीटर-मीटरचे पाच तुकडे होतात. कडा ओव्हरलॉक करून घेतल्या, नाहीतर दोऱ्यात बोटं अडकतात. सासूबाईंनी त्यांची आंब्याच्या रंगाची साडी काढून दिली आणि कात्री लावताना मात्र आत निघून गेल्या.

बाकी: दोन सुपं (नाचवायला, आणि मोबाइल गोळा करून ठेवायला), लहान टाळांच्या जोड्या, एक डफली, रंगीत टेप जमिनीवर खुणा करायला. पैंजण नकोत असं फॉर्ममध्ये लिहायचंय. आवाज गोड असतो पण रांगताना टोचतात आणि मॅटमध्ये अडकतात.

१ जून

जाहिरातीचा मजकूर. मैत्रिणीचं म्हणणं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी टाकूया, तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० तरी दमवणारी, लोक आकडे बघून येतात. मी म्हटलं आकडा खरा आहे पण आपण आठवड्यातून पंचेचाळीस मिनिटं घेणार, तो आकडा टाकून आपण काय सिद्ध करतोय? शेवटी काढला. "मेंदूचा विकास", "कॉन्फिडन्स वाढेल", "स्टेज फिअर जाईल" हे पण काढलं. उरलं एवढंच: मूल आणि घरातलं एक मोठं माणूस, एकत्र नाच, परफॉर्मन्स नाही, सर्टिफिकेट नाही.

फॉर्म व्हॉट्सॲपवर सोडला आणि दोन तासांत प्रश्न सुरू. शेवटी परफॉर्मन्स आहे का. (वर लिहिलंय.) सर्टिफिकेट मिळेल का. (वर लिहिलंय.) मी बाहेर थांबले तर चालेल का, मला नाचता येत नाही. जुळी आहेत, एकच पालक आहे, मग फी एकाचीच ना. आजी आली तर चालेल का, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बाबा आले तर ऑकवर्ड होणार नाही ना.

आजींना हो म्हटलंय. खुर्चीत बसून जे जे करता येतं ते सगळं लिहून काढायचंय, आणि हे मनावर घेऊन करायचंय, नाहीतर त्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षक होतील. जुळ्यांसोबत दोन माणसं पाहिजेत, सांगितलं.

७ जून

संगीत. स्पीकर की ढोलकी यावर बराच खल झाला. स्पीकर सोपा, पण रेकॉर्ड केलेलं गाणं पोरासाठी थांबत नाही. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा बरीच जलद असते, मोठ्यांना संथ-छान वाटणाऱ्या ठेक्यावर त्यांना पाय टाकताच येत नाहीत, ती पुढे निघून जातात आणि मग आई म्हणते "तालात कर". ताल तिचाच चुकीचा लावलेला असतो खरं तर. भाचा कॉलेजात आहे आणि ढोलकी बरी वाजवतो, त्याला आज बोलावून शेजारच्या दोन पोरांसोबत करून बघितलं. एक पोरगी दुडदुडत निघाली, त्याने तिच्या पावलांवर थाप टाकली, ती थांबली, तो थांबला. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. मग मुद्दाम एक पाऊल. धिन्. मग तीन पटपट. आणि मग जे हसायला लागली, दहा मिनिटं हाच खेळ, ढोलकी आपण वाजवतोय असंच तिला वाटत होतं. ढोलकी फायनल. स्पीकर फक्त शेवटी पडून राहताना, तानपुरा लावायला.

भाच्याला मानधन देणार, त्याला बिर्याणी चालेल म्हणतो पण मानधनच देणार.

१४ जून

ट्रायल. सहा जोड्या बोलावल्या, पाच आल्या. चार आया, एक बाबा.

जे झालं ते झालं तसं लिहिते. नावाचा गोल मस्त झाला. तेल-उटणं तर अपेक्षेपेक्षा भारी, एका मुलाने आईच्या डोक्यावर इतक्या जोरात खोटं तेल थापलं की तिचा क्लिप उडाला. कासव-चांदणी ठीक. आणि मग जशी खरी "नाचा आता" वेळ आली, म्हणजे जड चाला-हलकं चाला, तशी गडबड सुरू झाली, आणि ती पोरांकडून नाही.

एका कोपऱ्यात उभी राहून मी फक्त मोठ्यांचे हात बघत होते. एका आईचा हात पोराच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, आणि ती बोलत काहीच नव्हती पण तळहाताने हलकं हलकं पुढे ढकलत होती. पोरगं एवढं एवढं सरकत होतं, टाचा रोवून. दुसरी मुलीचं मनगट धरून तिचा हात वर करून दाखवत होती, "असा, असा हत्ती". मुलगी तोवर जमिनीवर पोटावर पडून सोंड फरशीवरून फिरवत होती, म्हणजे अख्ख्या हॉलमधला सगळ्यात जड हत्ती तोच होता, आणि त्याला उचलून उभं केलं गेलं. तिसरीने सुपातला मोबाइल कधी परत घेतला कळलंच नाही. बाबा मात्र झाड म्हणून उभे राहिले ते राहिलेच, तीन वेगवेगळी पोरं त्यांच्यावर चढली आणि त्यांनी फांदी हलू दिली नाही. सगळ्यात उपयोगी माणूस.

एक मुलगा पूर्ण वेळ खुर्चीखाली. त्याची आई माझ्याकडे बघून सॉरी-सॉरी करत होती. मी तिला म्हटलं तुम्ही खुर्चीपाशी बसून हात नाचवा, तर तिने हात नाचवले, आणि खुर्चीखालून दोन पावलं तालात हलताना मला दिसली. तिला ती दिसली नाहीत कारण ती माझ्याकडे बघत होती.

१५ जून

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणे, "अगं, तू त्यांना तोंडी सूचना देऊन थांबवू शकणार नाहीस. त्यांना राग नाहीये, भीती आहे, बाकीची पोरं करतात आणि माझं करत नाही अशी." बरोबर आहे. "मुलांना ढकलू नका" अशी पाटी लावली तर आया चोरून ढकलतील, आणि वर अपराधी वाटेल ते वेगळंच.

म्हणजे मोठ्यांच्या हातांना काम पाहिजे. दोन्ही हातांना. पूर्ण वेळ. या एका गोष्टीसाठी अख्खा प्लॅन पुन्हा बघतेय.

ओढण्या पोरांसाठी आणल्या होत्या, त्या आता आईबाबांच्या हातात. दोन्ही टोकं धरून ओढणी वरखाली करायची, पोर खालून जाणार, वरून उडी मारणार, आत गुंडाळून घेणार, पोराचं पोर ठरवेल. मोठ्याने ओढणी सोडायची नाही. हात अडकले की पाठीवर जात नाहीत. झाड, बोगदा, पूल हे मोठ्यांचे आकार, त्यातही हात जमिनीवर किंवा कमरेवर. आणि आरसा: पोर जे करेल ते मोठ्याने करायचं, उलटं नाही. पोर पोटावर पडलं तर आईने पोटावर पडायचं, साडी नेसून आली असेल तर तिने ठरवावं, म्हणून फॉर्ममध्ये "सलवार-कमीज, ट्रॅक पँट, काहीही ज्यात लोळता येईल" असं टाकतेय.

बोलण्याचा नियम पण एकच ठेवलाय. काय कर हे सांगायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. "तू खाली बसून फिरलीस" चालेल. "वा, किती छान" पण शक्यतो नको, त्याने पोर आईच्या तोंडाकडे बघायला लागतं. हे जड जाणारे लोकांना, मला स्वतःलाही जातं.

फोटो: शेवटच्या वर्गात शेवटची पाच मिनिटं, फक्त आपल्याच पोराचा. त्याआधी मोबाइल सुपात, सूप भाच्याच्या शेजारी, आणि भाचा ढोलकी सोडून उठत नाही.

२० जून

आज संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर पालखी बघायला गेलो. दरवर्षी जातो, पण या वेळी नजर वेगळी होती. दिंडीत एक बाई डोक्यावर तुळस, शेजारी चार-पाच वर्षांची नात असावी, तिला कोणी हाताला धरलेलं नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातात टाळ, तो पावली घालतोय, दोन पावलं पुढे, झुकून एक मागे, आणि ती पोरगी त्याच्या टाचांकडे बघत तेच करतेय, एक पाऊल उशिराने. कोणी शिकवत नव्हतं. सगळ्यांचे हात टाळ, वीणा, पताका, तुळस यात गुंतलेले.

५ जुलैचा वर्ग आषाढीच्या आदल्या दिवशी येतोय. दिंडी करायचीच होती, शाळांमधूनही करतात, धोतर नेसवून गंध लावून फोटो. आपण वेशभूषा ठेवायची नाही. टाळ मोठ्यांच्या हातात, पोरं मोकळी, मोठ्यांच्या दोन रांगा आणि मधून वाट. पावली मोठ्यांना आधी शिकवायची, पोरांना मुळीच शिकवायची नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजी वीणेकरी. खुर्चीत. दिंडी त्यांच्याभोवती फिरणार, त्या मान हलवतील तेव्हा सगळ्यांनी थांबायचं, वेग त्यांच्या हातात. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्याशिवाय चालणारच नाही की तुमचं."

२४ जून

२६ जुलैच्या वर्गावरून वाद. २५ ला श्रावण सुरू, २९ ला पहिली मंगळागौर, मला झिम्मा, पिंगा, फुगडी सगळं हवं होतं. कारण मोठ्यांची आणि पोरांची दोघांची हक्काची नाचाची गोष्ट आपल्याकडे हीच आहे, आणि आज्यांना ती आमच्यापेक्षा चांगली येते.

मैत्रीण फुगडीला ठाम नाही म्हणाली. कारण ऐकून मीही गप्प. पाचाच्या आतल्या मुलांच्या कोपरात एक बारकी गोष्ट असते, पुढच्या हाताच्या बाहेरच्या हाडाचं डोकं एका पट्टीसारख्या अस्थिबंधात बसलेलं असतं आणि या वयात ती पट्टी सैल असते. सरळ ताणलेल्या हाताला धरून झटका बसला, म्हणजे मनगट धरून उचलणं, दोन्ही हात धरून गरगर फिरवणं, तर हाड तिथून निसटतं. पोर हात हलवायचंच बंद करतं, शरीराशी धरून ठेवतं. डॉक्टर ते सहज बसवतात, पण एकदा झालं की पुन्हा व्हायची शक्यता असते. एक ते चार वर्षांत हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि फुगडीत मोठं माणूस नेमकं तेच करतं, तोल मागे टाकून मनगटाला ओढतं. पोराचे पाय उचलले गेले की सगळे खूश.

मग तोडगा निघाला. मोठ्या माणसाने गुडघ्यांवर बसायचं, पोराने उभं राहायचं, एकमेकांना दंडाला धरायचं, कोपराच्या वर. असं धरलं की कोपरावर ताण येत नाही. मोठ्याने मागे झुकायचं नाही, फिरायचं ते पोराच्या वेगाने, आणि कोणाचेही पाय जमिनीवरून उचलले जाणार नाहीत. चार फेऱ्या एका बाजूला, मग थांबून चार उलट्या, म्हणजे गरगरणं कमी. खरी जोरातली फुगडी मोठ्यांनी मोठ्यांशी घालावी, पोरांनी गोल करून टाळ्या द्याव्यात. खरं सांगायचं तर मला हेच जास्त आवडलं. आईला जिवाच्या आकांताने फुगडी घालताना कितीशा पोरांनी बघितलंय?

झिम्मा ठेवलाय, पिंगा ठेवलाय, सूप नाचवणं आज्यांकडे.

२७ जून

उद्या पहिला वर्ग. दहा जोड्या पूर्ण, चार वेटिंगवर. सहा आया, दोन बाबा (एक झाडवाले), दोन आज्या.

मॅट घातले. टेपने जमिनीवर मोठा गोल काढला, दाराजवळ एक छोटा चौकोन, ज्याला नाचायचं नाही त्याने तिथे बसून बघायचं, सोबतच्या मोठ्याने मात्र नाचत राहायचं. चौकोनात किती वेळ बसावं याला मर्यादा नाही. उद्याची जोडी जड-हलकं, पावसाचे टपोरे थेंब आणि भुरभुर. ओढण्या धुवून वाळत घातल्यात पण या हवेत वाळतील तर शप्पथ, पंख्याखाली टाकल्यात.

२८ जून

झाला वर्ग. पटकन नोंदी, सविस्तर नंतर.

ओढण्यांचं काम चाललं. हात पाठीवर जाणं पूर्ण थांबलं नाही पण खूप कमी झालं, आणि ज्या आईचा गेला तिच्या शेजारच्या आजींनीच "अहो, ओढणी पडली तुमची" म्हणून आठवण केली. आरशाच्या खेळात एका बाबांना पोराने सलग लोळायला लावलं, ते उठले तेव्हा शर्टाला अख्ख्या मॅटची धूळ. मॅट आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायचे, यादीत टाकलं.

खुर्चीखालचा मुलगा आला होता. पूर्ण वेळ चौकोनात. आई नाचत राहिली, माझ्याकडे एकदाही न बघता. खाऊच्या वेळी तो बाहेर आला, डबा स्वतः वाजवला आणि चुरमुरे ओळखले.

पंचेचाळीस मिनिटं चाळीसवरच संपली पाहिजेत, शेवटची पाच मिनिटं पोरं दमलेली आणि आईबाबांना नुकताच सूर लागलेला. पडून राहण्याची वेळ आधी घेऊ आणि खाऊनंतर ज्या मोठ्यांना नाचायचंय त्यांना ढोलकी मोकळी. दोन-तीन जणी थांबल्याच होत्या.

५ जुलैसाठी: टाळांच्या अजून चार जोड्या. आजींसाठी हात असलेली खुर्ची. पावलीचा सराव मोठ्यांकडून पोरं यायच्या आधी दहा मिनिटं, म्हणजे कोणीतरी तेवढा वेळ पोरांना खाली अंगणात सांभाळलं पाहिजे, झाडवाल्या बाबांना विचारते. १९ जुलैला भाच्याची परीक्षा आहे, त्या दिवशी ढोलकीला कोण याचा शोध आत्तापासून. आणि वेटिंगवरच्या चौघांना सांगायचं की पुढची बॅच घटस्थापनेनंतर, २२ सप्टेंबर, तेव्हा हत्तीच्या पाटाभोवती थेट भोंडल्यानेच सुरुवात करू.